आमच्या भागांतील शस्त्रोपचार

मैंदर्गी हें अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकच्या सीमेजवळचें गांव. येथें मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदतात, आणि दोन्ही भाषांत एक भीति सारखीच बोलून दाखविली जाते. ती म्हणजे कापाकापीची. ह्या भीतीपायीं रोगी घरींच ठेवला जातो, आणि जें दुखणें सकाळीं साध्या शस्त्रक्रियेनें बरें होण्यासारखें होतें, तें रात्रीं हाताबाहेर जातें. म्हणून शस्त्रक्रियेचे कोणते प्रकार कोठें होतात आणि कोणत्या दुखण्यांत घटका मोजाव्या लागतात, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या वडील मंडळींना सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही विद्या आपणांस परकी नाहीं. टिपूशीं झालेल्या 1792 च्या युद्धांत कावसजी नांवाचा, इंग्रजी सैन्यांतील एक गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका शस्त्रवैद्यानें त्याला नवें नाक करून दिलें. त्याची रीत मोठी चतुराईची होती. नाकाच्या जागीं मेणाचा पातळ पत्रा बसवून त्यानें माप घेतलें. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेविला, त्याच्या कडेनें रेघ ओढली, आणि तेवढें कातडें सोडवून, भुंवयांच्या मध्यें त्याचा देंठ तसाच राखून, खालीं वळवून बसविलें. देंठांतून रक्त वाहत राहिल्यामुळें तें कातडें जगलें. ही हकीकत 1794 सालीं लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ ह्या मासिकांत प्रसिद्ध झाली आणि ती वाचून कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें 1814 सालीं इंग्लंडांत तीच क्रिया केली. त्या कुंभाराचें नांव मात्र कोणीं नीट टिपून ठेविलें नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

परंतु त्या कुशल कुंभाराजवळ दोन गोष्टी नव्हत्या. एक भूल आणि दुसरी जंतूंचा नाश करण्याची युक्ति. 1846 सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, आणि 1867 सालीं लिस्टर ह्यानें कार्बोलिक आम्लानें जखमा धुण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं वेदनेनें किंवा जखम सडून माणसें मरत असत. आमच्या वडिलधाऱ्यांच्या मनांतील भीति त्या काळची आहे. तिला तेव्हां कारण होतें; आतां तें पुष्कळसें उरलेलें नाहीं.

महाराष्ट्राच्या दक्षिण भागांत ही नवी शस्त्रविद्या खेड्यापाड्यांपर्यंत नेण्याचें बरेंच श्रेय मिरजेस जातें. तेथें डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनीं 1894 सालीं रुग्णालय सुरू केलें, आणि दूरदूरचे रोगी तेथें जाऊं लागले. सोलापुरास तर आपला स्वतःचाही अभिमान आहे. 1938 सालीं चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांतील डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापुरांत 1910 सालीं जन्मले. रणभूमीवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या, आणि 1942 सालीं, अवघ्या 32 व्या वर्षीं, ते तिकडेच निवर्तले.

आतां आजच्या सोयींकडे वळूं. सरकारी व्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत जखमेला टांके घालणें, गळूं फोडून पू काढणें, साधें बाळंतपण, इतकीं कामें होतात. त्यावर ग्रामीण रुग्णालय; तें अक्कलकोटास आहे. त्यापुढें सोलापूर, जें अक्कलकोटाहून सुमारें 40 किलोमीटर आहे. तेथील छत्रपति शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हें 1963 सालीं स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेलें असल्यामुळें पोटाची, हाडांची, डोळ्यांची, स्त्रियांची, कान-नाक-घशाची अशीं निरनिराळीं खातीं तेथें आहेत. कोणत्या दुखण्यास कोणती पायरी, हें डॉक्टरानें ठरवावें. मात्र पहिल्या पायरीवर जाण्यास वेळ लावूं नये, हें आपल्या हातीं आहे.

ज्यांत वेळ दवडून चालतच नाहीं, अशा दुखण्यांत पहिलें नांव अंतर्गळाचें घ्यावें लागेल. जड पोतीं उचलणारे कितीएक लोक जांघेंतील गांठ वर्षानुवर्षें अंगावर काढतात. निजल्यावर ती आंत जाते, म्हणून तिची पर्वा वाटत नाहीं. परंतु एखाद्या दिवशीं ती आंत जात नाहीं, कठीण होते, दुखूं लागते आणि ओकाऱ्या सुरू होतात. त्या वेळीं आंतड्याचें रक्त अडलेलें असतें. रक्तावांचून आंतडें सुमारें सहा तासांत मरूं लागतें. सहा तास! मैंदर्गीहून वाहन मिळवून सोलापूर गांठण्यास, आणि तेथें शस्त्रक्रियेची तयारी होण्यास त्यांतले किती जातील, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा. तीच गांठ पूर्वींच, सुगी संपल्यावर, सवडीनें काढून घेतली असती तर तो रोगी थोड्याच दिवसांत चालत घरीं आला असता.

दुसरें दुखणें आंत्रपुच्छाचें, म्हणजे ज्याला लोक अपेंडिक्स म्हणतात त्याचें. ह्यांत कळ बहुधा बेंबीपाशीं सुरू होऊन मग उजव्या बाजूस खालीं उतरते. आमच्या घरांतून अशा वेळीं एरंडेल देण्याची चाल आहे. ती अत्यंत घातक होय. सुजलेलें आंत्रपुच्छ एरंडेलाच्या जोरानें फुटूं शकतें आणि पू सर्व पोटांत पसरतो. कळ थांबत नसेल तर पोटांत कांहीं न देतां रोग्यास डॉक्टरकडे न्यावें. आडवें आलेलें मूल व अडलेलें बाळंतपण हींही ह्याच जातीचीं संकटें आहेत.

हाड मोडल्यास कित्येक जण हाड बसविणाराकडे जातात. त्यांतील कांहीं जण हाताचे कुशल असतात, हें आम्ही नाकारीत नाहीं; पण कामट्या घालून करकचून बांधलेल्या पट्टीनें हात गेल्याचीं उदाहरणें वैद्यकांत पुष्कळ आहेत. बोटें थंड पडलीं, काळीनिळीं किंवा पांढरीं झालीं, अथवा बधिर झालीं, तर पट्टी तत्काळ सोडावी आणि मगच वाहन शोधावें. हाड कातडीबाहेर आलें असेल तर स्वच्छ कापड झांकून थेट मोठें रुग्णालय गांठावें.

सवडीनें करण्याच्या शस्त्रक्रियांत मोतीबिंदूची सर्वांत सुखाची. पूर्वीं डोळ्यांतील गढूळ भिंग काढल्यावर जाड कांचांचा चष्मा लावावा लागे. 1949 सालीं लंडनच्या हॅरोल्ड रिडली ह्यांनीं डोळ्यांतच कृत्रिम भिंग बसवून दाखविलें. आतां तेंच सर्वत्र बसवितात, आणि आजीबाई बहुधा त्याच दिवशीं घरीं येतात. सरकारी रुग्णालयांत ही क्रिया विनामूल्य होते. पित्ताशयांतील खडे आतां दुर्बिणीनें, पोटावर तीन-चार लहान छिद्रें पाडून काढतात. ही क्रिया आपल्या देशांत 1990 सालीं डॉ. तेहेमतन उदवाडिया ह्यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत प्रथम केली. मूतखडा, मूळव्याध वगैरेंविषयीं येथें विस्तार करीत नाहीं.

खर्चाची धास्ती पुष्कळांस असते. 2012 सालीं राजीव गांधी ह्यांच्या नांवानें आरंभिलेली व 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चाललेली सरकारी योजना ठराविक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. रुग्णालयांत जातांना शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर न्यावें, आणि योजनेचें टेबल कोठें आहे हें प्रथम विचारावें. 108 ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. रक्ताची गरज पडल्यास नातेवाईक मागें सरतात, असें पुष्कळदां पाहण्यांत येतें. एका वेळीं सुमारें 350 मिलिलिटर रक्त घेतात, आणि निरोगी पुरुष तीन महिन्यांनीं तें पुन्हां देऊं शकतो.

शेवटीं उपवासाविषयीं. शस्त्रक्रियेपूर्वीं सुमारें सहा तास अन्न देऊं नये असें सांगितलेलें असतां, ‘अशक्तपणा येईल’ म्हणून एखादी मावशी पदराखालून भाकरीचा तुकडा रोग्याला भरविते. भूल दिल्यावर गिळण्याची व खोकण्याची शुद्ध राहत नाहीं; पोटांतील अन्न उलटून वर येतें आणि श्वासनलिकेंत शिरून फुफ्फुसांत जातें. असा तुकडा दिला गेला असेल तर रागावण्याचें भय न बाळगतां तें डॉक्टरास सांगावें. तांतडीची नसेल तर शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल, इतकेंच.