पाहिले, वाचले, ऐकले : मक्का मशिदीची एक भेट

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांना व पालकांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. तेव्हा दरवर्षी शाळेतील मुलांना घेऊन आम्ही ज्या एका वास्तूस जातो, तिच्याविषयीच लिहावे असे ठरविले. ती वास्तू म्हणजे हैदराबादच्या जुन्या शहरातील मक्का मशीद. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मुसी नदीच्या अलीकडे, तीन-चार मैलांच्या आत आहेत. चारमिनारला पाहुणे घेऊन जाणे, लाड बाजारात बांगड्या घेणे, गल्लीत उभे राहून इराणी चहा पिणे हे सर्वांना ठाऊक आहे. पण चारमिनारच्या नैर्ऋत्येस अगदी हाकेच्या अंतरावर जी मशीद आहे, तिच्या फाटकातून आत पाऊल टाकलेली मंडळी आमच्या वर्गात दर चाळीस मुलांत दोन-चारच निघतात. पहिल्याच वर्षी एका मुलाने अगदी हळू आवाजात विचारले होते, "सर, मी आलो तर चालेल ना?" चालेल, असे आम्ही सांगितले. तरी तो फाटकापाशी क्षणभर थांबलाच.

जाण्यापूर्वी मुलांच्या वहीत एक पान आखून घेतो. त्यावर तीन रकाने असतात : पाहिले, वाचले, ऐकले. जी गोष्ट डोळ्यांनी दिसली ती पहिल्यात, ग्रंथात सापडली ती दुसऱ्यात, आणि लोकांनी सांगितली ती तिसऱ्यात. एका रकान्यातली गोष्ट पुराव्यावाचून दुसऱ्यात न्यावयाची नाही, एवढाच नियम. नियम सोपा दिसतो. पाळताना मोठी माणसेही चुकतात. आम्ही कसे चुकलो ते पुढे येईलच.

प्रथम पाहण्याचे घेऊ. वेळ नमाजाची नसावी, शुक्रवारची दुपार तर टाळावीच. फाटकावर झडती होते. तिला रागावू नये. १८ मे २००७ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी याच आवारात, वजूच्या जागेजवळ, बॉम्बस्फोट झाला व प्रार्थनेस आलेली माणसे प्राणास मुकली. मुलांनी विचारले तर हे आम्ही लपवीत नाही. फार वर्णनही करीत नाही.

आत मोठे मोकळे अंगण लागते, त्यास सहन म्हणतात. पारव्यांचे थवेच्या थवे तेथे उतरलेले असतात, आणि खरे सांगावयाचे तर पहिली दहा मिनिटे मुले मशिदीकडे पाहतच नाहीत, पारव्यांकडे पाहतात. पाहू द्यावीत. त्यानंतर हौद. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याची जी रीत, तिला वजू म्हणतात. त्यासाठी पाण्याची सोय प्रत्येक मशिदीत असतेच. समोर मुख्य दालन. त्याच्या आतील पश्चिमेकडच्या भिंतीत मेहराब, म्हणजे कमानदार कोनाडा. मक्केची दिशा, जिला किब्ला म्हणतात, ती कोणती हे त्यावरून कळते. हिंदुस्थानातून मक्का पश्चिमेस, म्हणून नमाजी पश्चिमेकडे तोंड करतात. मेहराबीत मूर्ती नसते, चित्र नसते, काहीच ठेवलेले नसते. ती केवळ दिशा दाखविते. हे सांगितले की मुलांचे निम्मे प्रश्न संपतात. मेहराबीशेजारी पायऱ्यांचे उच्चासन असते ते मिंबर. शुक्रवारी त्यावरून खुतबा, म्हणजे प्रवचन होते. दालनात सर्वांना जाऊ देतातच असे नाही. सेवक जेथे थांबावयास सांगतील तेथे थांबावे. बाहेरून कमानींतूनही पुष्कळ दिसते.

भाषा शिकविणाऱ्याची खोड म्हणून येथे मुलांना एक काम देतो. दिसणाऱ्या वस्तूंपैकी कोणकोणत्या शब्दांसाठी नवा शब्द शिकावा लागला नाही, ते लिहा. हौद, कमान, दालन, फरशी, मिनार, इमारत ही यादी बघता बघता भरते. हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले आणि आपल्या आजीच्या तोंडी असलेले. वाड्यातला हौद आणि मशिदीतला हौद यांत शब्दापुरता तरी काडीचा फरक नाही.

आता दर्शनी भागाकडे पाहावे. पाच भव्य कमानी, दगड ग्रॅनाइटचा, नक्षी बेताची. दोन्ही टोकांस मिनार आहेत, पण ते अंगाने भक्कम आणि दालनाच्या मानाने आखूड. ज्याने नुकताच चारमिनार पाहिला त्याला ते खुजेच वाटतात. असे का असावे, हा प्रश्न मुलांच्या मनात येऊ द्यावा आणि मग दुसऱ्या रकान्याकडे वळावे.

ग्रंथांत मिळते ते असे. हैदराबाद शहर आणि चारमिनार १५९१ चे, महंमद कुली कुतुबशहाच्या काळचे. त्याच्यामागून गादीवर आलेल्या महंमद कुतुबशहाने १६१७ च्या सुमारास या मशिदीस आरंभ केला. तो १६२६ साली वारला. पुढे अब्दुल्ला कुतुबशहाने पाऊणशेच्या घरातल्या या बांधकामाची मोठी मध्यली वर्षे पाहिली, त्यानंतर अबुल हसन तानाशहा आला, तरी काम चालूच. १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला, कुतुबशाही बुडाली, आणि ज्याने राज्य बुडविले त्यानेच १६९४ च्या सुमारास मशीद पुरी करविली. एकंदर ७७ वर्षे. आरंभी पाथरवट म्हणून लागलेल्याचा नातू शेवटी तेथेच छिन्नी चालवीत असेल, असे आम्ही म्हणतो. पण हा आमचा तर्क आहे, तो कोणत्याच रकान्यात बसत नाही, हेही सांगतो. दालन सुमारे ६७ मीटर लांब, ५४ मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. छत पंधरा कमानींवर तोललेले. आजच्या हिशेबाने सात मजली घर आत सहज उभे राहील.

ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी गोवळकोंड्यास येत असे. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्या वेळी मशीद अपुरीच होती, आणि पुरी झाली तर साऱ्या हिंदुस्थानात हिच्या तोडीची दुसरी नसेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. मेहराबीचा दगड एकसंध असून तो खाणीतून काढण्यास पाच वर्षे लागली, पाच-सहाशे माणसे खपत होती, आणि ओढून आणण्यास १४०० बैल जुंपले होते, असेही तो सांगतो. मात्र गंमत अशी की मशिदीला तो 'पॅगोडा' म्हणतो, जो शब्द त्या काळचे युरोपियन आपल्या देवळांना लावीत. मुलांना वाटते, एवढे लिहिणाऱ्याने इतकी साधी चूक करावी? करावी, म्हणूनच १४०० बैल त्याने स्वतः मोजले की कोणी सांगितले, हे विचारले पाहिजे. लोकांनी सांगितले, असे तो स्वतःच लिहितो. म्हणजे छापील असूनही ही गोष्ट तिसऱ्या रकान्यात जावयाची. येथे वर्गात चांगलीच वादावादी होते.

तिसरा रकाना सर्वांत लवकर भरतो. कोनशिला बसविण्याची वेळ आली तेव्हा, ज्याची मध्यरात्रीनंतरची तहज्जुदची नमाज कधीही चुकली नसेल त्यानेच पुढे यावे, असे सांगण्यात आले. कोणीच पुढे येईना, तेव्हा सुलतान स्वतः पुढे झाला, अशी कथा आहे. आवारातल्या दगडी बाकावर बसेल तो पुन्हा या शहरात येतो, अशी दुसरी. आणि मक्केहून माती आणवून तिच्या विटा मधल्या कमानीत बसविल्या, म्हणून हे नाव, ही सर्वांत प्रसिद्ध.

ही शेवटची गोष्ट आम्ही लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून ऐकली. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की पहिल्या वर्षी मुलांना आम्ही ती सरळ इतिहास म्हणून सांगितली. एक मुलगी वही उघडी धरून म्हणाली, "सर, कोणत्या विटा? दाखवा ना." आम्हाला दाखविता येईनात. तिने आमच्यासमोर ती ओळ 'वाचले' मधून खोडली आणि 'ऐकले' मध्ये लिहिली. तेव्हा जरा वाईट वाटले, हे नाकारीत नाही. परंतु वडिलांची ती गोष्ट आम्ही आजही सांगतो, त्याच ठिकाणी उभे राहून, आणि तिसऱ्या रकान्यात.

एका वर्षी एका मुलाच्या वडिलांनी चिठ्ठी पाठविली की आमच्या मुलास मशिदीत नेऊ नये. त्यांचा अधिकार होता. आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मित्रांच्या वह्या मागून घेऊन मशिदीचे चित्र काढले. चित्र सुरेख होते, पण कमानी पाचाऐवजी सहा. कोणी चूक दाखविताच तो म्हणाला, "मी कुठे पाहिलीय?" वहीत त्याच्या पहिल्या रकान्यात काही नव्हते.

अंगणाच्या एका बाजूस कमानीदार इमारतीत आसफजाही घराण्याच्या कबरी आहेत : १८०३ साली वारलेल्या निजाम अलीखानापासून १९११ साली वारलेल्या महबूब अलीखानापर्यंत. शेवटचे निजाम उस्मान अलीखान १९६७ साली वारले. त्यांची कबर येथे नाही, ती किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत. आणि पहिले निजाम? मुले येथे शोधत बसतात, सापडत नाहीत. ते मराठवाड्यात, खुलताबादेस आहेत. ज्याने ही मशीद पुरी करविली तो औरंगजेबही खुलताबादेसच, उघड्या कबरीत. आणि ज्याच्या हातून ती अपुरी राहिली तो तानाशहा दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत मेला, त्याचीही कबर खुलताबादेसच. वेरूळची लेणी तेथून जवळ आहेत. मराठवाड्यातल्या आजोळी जाणाऱ्या मुलांना आम्ही सुट्टीपूर्वी वहीचे ते पान बरोबर न्यावयास सांगतो. पहिल्या रकान्यात जागा शिल्लक असते.