वास की नजर?

अमेरिकेतल्या तळ्यांत क्रॅपी नावाचा मासा असतो. काही जण त्याला 'क्रॉपी' म्हणतात. त्याच्यासाठी दुकानात वासाच्या गोळ्या मिळतात. गळाला एक गोळी टोचायची, बस! पण उपयोग होतो का?

आधी क्रॅपीचे डोळे बघा. केवढे मोठे! तो मुख्यतः बघून शिकार करतो, आणि तीही बहुधा वरच्या बाजूला. म्हणून आमिष त्याच्या थोडं वर सोडा. ते खाली गेलं, तर वासाचा फारसा फायदा नाही.

मग गोळी कशाला? मासा नकली आमिष तोंडात घेतो आणि पटकन थुंकतो. वास-चव असेल तर ते जरा जास्त वेळ धरतो, असं बरेच मासेमार सांगतात. तेवढ्यात काठी उचलायची. पण हळूच हं! त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, झटका दिला की फाटते.

स्वतःच करून बघा ना. दोन काठ्या घ्या. काही राज्यांत एकाला एकच काठी चालते, म्हणून ताईला सोबत न्या. आमिष सारखं, खोली सारखी, गोळी मात्र एकीलाच. अर्ध्या तासाने गोळी दुसऱ्या काठीला लावा. मासे मोजून वहीत लिहा.

आता सांगा: गोळीची काठी मध्येच का बदलायची?