वडील वेगळे राहतात, शिष्यवृत्ती कशी मागावी?

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. गरजू मुलांचे शिक्षण पैशावाचून अडू नये, म्हणून सरकार ती देते.

एक आई शेतमजुरी करते. नवरा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. तो शहरात राहतो. पैसा धाडत नाही. यंदा मुलगी बारावी पास झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रश्न आला : वडिलांचे उत्पन्न किती?

शेजारीण म्हणाली, "वारले म्हणून लिही. कोण बघतंय?"

आई म्हणाली, "जित्या माणसाला मेलेला कसं लिहू, बाई?"

आईचे बरोबर आहे. खोटे उघडकीस आले की शिष्यवृत्ती बंद होते. घेतलेले पैसे परत भरावे लागतात. गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून खरे तेच लिहावे आणि त्याला कागदाची जोड द्यावी.

काय करावे?

१. आधी कॉलेजात विचारावे. काही योजनांत आईबाप दोघांचे उत्पन्न धरतात. फारकत झाली नसेल, तर कोणता कागद चालेल ते तिथे कळते.

२. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज सेतू केंद्रात करावा. नवरा कधीपासून वेगळा आहे, घर कोणाच्या कमाईवर चालते, हे तलाठ्याला स्पष्ट सांगावे. अर्जाची पावती जपून ठेवावी.

३. फारकतीचा किंवा पोटगीचा कोर्टाचा हुकूम असेल, तर त्याची नक्कल जोडावी. पोटगी मिळत असेल, तर ती उत्पन्नात दाखवावी.

४. हुकूम नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न कितीही असो.

५. महाराष्ट्रात अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. मुलीचे बँकखाते आधारला जोडलेले असावे.

उत्पन्नाची मर्यादा योजनेप्रमाणे बदलते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ती वर्षाला अडीच लाख रुपये आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख आहे. आपली योजना कोणती, ते आधी पाहावे.

बाप घर सोडून गेला, हा मुलीचा दोष नाही. ते सांगायला आईने लाजू नये.

प्रश्न

१. शेजारणीचा सल्ला आईने का मानला नाही?
२. उत्पन्नाचा दाखला कोण देतो?
३. तुमच्या गावात अशी मुलगी असेल, तर तिच्या आईला तुम्ही काय सांगाल? चार ओळी लिहा.