पाऊस फोटो बघून पडत नाही

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेसमोर आलेले बहुतेक पर्यटक तिच्या तांबड्या, उघड्या दगडावर भाळतात. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र. ही मात्र रापलेली, पुराणकाळातून थेट उतरल्यासारखी. पण हे रूप जेमतेम सत्तर वर्षांचं आहे. 1594 साली बांधायला घेतलेल्या आणि 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चने पहिली साडेतीनशे वर्षं चुन्याच्या गिलाव्याआड काढली. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो गिलावा उतरवला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, एवढाच हेतू.

तेव्हापासून सुमारे 3,000 मिलिमीटरचा पाऊस दर वर्षी थेट जांभ्यावर बसतो आहे. दगड झिजतो, त्याला भोकं पडतात, शेवाळ धरतं. अलीकडे बॅसिलिकेच्या रेक्टरांनीच पुन्हा गिलावा करण्याचा आग्रह धरला, तेव्हा विरोधही झाला. का? तर लोकांच्या डोळ्यांना आता तांबडं रूपच ओळखीचं झालं आहे.

मूळ बांधणाऱ्यांनी दगडांची वाटणी कशी केली होती ते पाहण्यासारखं आहे. दर्शनी भागात जिथे बारीक कोरीवकाम हवं होतं, तिथे त्यांनी वसईहून काळा बेसॉल्ट आणवला. जाड भिंतींना जवळचा, स्वस्त जांभा वापरला आणि तो झाकला. ज्या दगडाला नक्षी पेलते तो उघडा, ज्याला पाऊस पेलत नाही तो आत. सौंदर्याचा आणि साहित्याचा विचार एकाच डोक्यातून, एकाच वेळी झाला होता. नंतरच्या माणसाने त्यातलं फक्त सौंदर्य उचललं.

आज कोकणात बंगल्यांच्या बाबतीत हेच घाऊक प्रमाणात चाललं आहे. ‘एक्स्पोज्ड चिरा’, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांची उघडी भिंत, ही फॅशन झाली आहे. सपाट स्लॅब, छज्जा नाही, लालभडक भिंत, तिच्यावर चकचकीत पारदर्शक कोटिंग आणि समोर नारळ. फोटोत हे घर देखणं दिसतं, यात वाद नाही. फक्त कोकणातल्या रिसॉर्टांचे फोटो डिसेंबरात काढलेले असतात, जुलैत नव्हे.

मालवणजवळ माझ्या मामांनी मुंबईची नोकरी संपवून असंच घर बांधलं. आराखडा शहरातल्या वास्तुविशारदाचा, ठेकेदार तालुक्याचा. गावातला म्हातारा गवंडी जोतं बांधायला होता. त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “भाऊनू, पावस काय फोटो बघान पडणा नाय. गिलावो नको तर नको, पण वळचण तरी वाढवा.” मामी हसल्या, ठेकेदार हसला. छज्जा काढला तर खर्चही वाचत होता आणि आराखड्यातल्या सरळ रेषाही अबाधित राहत होत्या.

पहिल्याच मिरगाने पश्चिमेची भिंत गाठली. कोकणात पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. त्या झडीला अडवायला तिथे काहीच नव्हतं. श्रावण येईपर्यंत आतल्या पुट्टीला लोणा फुटला, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास येऊ लागला आणि बाहेरच्या चकचकीत थरावर दुधाळ चट्टे उमटले. ठेकेदाराने दिवाळीनंतर त्याच कोटिंगचा आणखी एक हात मारून दिला. पुढच्या पावसात चट्टे दुप्पट झाले.

कारण साधं होतं, पण ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षं धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात; त्याचा जांभा होतो. तांबडा रंग लोहाचा. आत मात्र जाळीदार पोकळ्या राहतात. त्यामुळे जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याचा हा श्वास चालू राहिला तर भिंत टिकते. कोटिंगने दगडाचं तोंड बंद केलं, पण स्लॅबच्या कडेतून आणि सांध्यांच्या बारीक भेगांतून पाणी आत जातच होतं. बाहेरची वाट बुजल्यावर ते घरात उतरलं. सांधे कडक सिमेंटने भरलेले, तेही दगडापेक्षा कठीण. अशा भिंतीत सगळी ओल दगडातूनच ये-जा करते आणि झीज होते ती दगडाची, सांध्याची नव्हे.

जांभ्याच्या नावावर लोक फार विसंबतात. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडिपुरम इथे या दगडाची शास्त्रीय नोंद केली, तीच मुळी लोक तो जमिनीतून मऊ असताना कापून काढतात आणि हवेत ठेवल्यावर तो कडक होतो हे पाहून. म्हणजे हा दगड मुरवावा लागतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. आता खाणीवरचा चिरा सकाळी ट्रकमध्ये आणि संध्याकाळी भिंतीत असतो.

जुन्या कोकणी घराकडे या नजरेने पाहिलं की त्यातली एकेक देखणी गोष्ट कामाला लागलेली दिसते. उतरतं कौलारू छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येतं, पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. पडवी झड स्वतःवर घेते. उंच जोतं जमिनीची ओल अडवतं. भिंतीला चुना लागतो तो दर वर्षी, पाऊस सरल्यावर. मंगळुरी कौल हे काही अनादी काळापासूनचं नाही. बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला तो 1865 मध्ये. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनीही ‘नवीन मटेरियल’ घेतलंच की! फक्त घेताना त्यांनी वळचण कापली नाही. नव्याला माझा विरोध नाही, हे इथेच सांगून टाकतो. सिमेंट वाईट नाही, काच वाईट नाही. ज्याला जे काम जमत नाही ते त्याच्या गळ्यात मारणं वाईट.

आणि हे फक्त आपल्याकडच्या ठेकेदारांचं अज्ञान आहे असं कुणी समजू नये. शिकागोतल्या स्टँडर्ड ऑइलच्या (नंतरचं नाव अमोको) गगनचुंबी इमारतीला 1970च्या दशकात इटलीतल्या कारारा संगमरवराच्या सुमारे 43,000 पाट्या लावल्या. मायकेलअँजेलोने ज्या परिसरातल्या खाणींचा दगड वापरला तिथलाच हा संगमरवर. सौंदर्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण पाट्या फार पातळ कापलेल्या होत्या. संगमरवरातले स्फटिक तापल्यावर एका दिशेने फुगतात, दुसऱ्या दिशेने आक्रसतात आणि थंड झाल्यावर पुरते पूर्ववत होत नाहीत. जाड ठोकळ्यात हे खपून जातं, पातळ पाटीत नाही. शिकागोचा उन्हाळा आणि गोठवणारा हिवाळा यांच्यामध्ये पाट्या वाकल्या, तडकल्या. शेवटी 1990 ते 1992 या काळात सगळा संगमरवर उतरवून पांढरा ग्रॅनाइट बसवावा लागला.

हेलसिंकीची गोष्ट आणखी बोलकी आहे. फिनलंडचे थोर वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांच्या फिनलँडिया हॉलला 1971 मध्ये हाच कारारा संगमरवर लावला, तोही वाकला. 1990च्या दशकाअखेर पाट्या बदलायची वेळ आली तेव्हा वास्तूचं मूळ रूप जपायचं म्हणून पुन्हा कारारा संगमरवरच बसवला. काही वर्षांत तोही वाकू लागला. अलीकडच्या नूतनीकरणात अखेर दुसऱ्या जातीचा पांढरा संगमरवर निवडावा लागला. एवढी नामवंत, श्रीमंत आणि अभ्यासू माणसं दोनदा त्याच दगडाला भुलली. तिथे मालवणच्या एका निवृत्त माणसाला काय बोल लावायचा?

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती जवळचीच आहेत. पुण्याचा शनिवारवाडा 1732 मध्ये पूर्ण झाला तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आला होता. 1828 च्या आगीत लाकूड गेलं, दगडी जोती आणि तट उरले. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात, चार्ल्स कोरिया यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बांधली. तिथल्या भिंतीत खाली स्थानिक काळा पाषाण, त्यावर कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट आहे. वर जावं तसा काळोख दाट होत जातो आणि शेवटच्या थरात आकाश उमटतं. विश्वाचा अभ्यास करणाऱ्या घराला याहून नेमकं काय शोभलं असतं? जमिनीजवळ खडबडीत दगड घातला आहे, जिथे चिखल उडतो, पाय लागतात. गुळगुळीत दगड हाताबाहेर, वर. इथेही सौंदर्य आणि उपयोग वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत.

लॉरी बेकर यांनी केरळात अशीच स्वस्त आणि देखणी घरं उभारली. त्यांच्या डोक्यात गांधीजींचं एक म्हणणं कायमचं बसलं होतं: घर पाच मैलांच्या आतल्या साहित्यातून उभं राहावं. जाळीदार विटांच्या भिंती, गिलाव्याशिवायचं काम ही बेकरांची ओळख. आज त्यांचं नाव घेऊन उघड्या भिंती विकल्या जातात; पण बेकर स्वतः जागेवर उभे राहून विटा निवडत, गवंड्यांशी बोलत आणि छपराची कड भिंतीच्या बाहेर काढत, हे विकणारे सांगत नाहीत.

मामांच्या घराचं पुढे काय झालं? पश्चिमेला कौलारू पडवी काढली. कोटिंग घासून उतरवलं; त्याला मजुरांचे इतके दिवस गेले की छज्ज्यावर वाचवलेले पैसे केव्हाच संपले. सांधे खरवडून चुना घातलेल्या मिश्रणाने पुन्हा भरले. आतली पुट्टी काढून चुना लावला. उघडा चिरा आता दिसतो तो पडवीच्या सावलीत, कोरडा. घर आधीपेक्षा देखणं दिसतं, असं आता मामीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तेव्हा घर बांधायला निघालेल्यांनी काही गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. नमुन्याचा तुकडा दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका. त्याच दगडाची, त्याच टाइलची, त्याच रंगाची दहा पावसाळे काढलेली इमारत आपल्याच तालुक्यात शोधा आणि आषाढात जाऊन पाहा. मालकाला विचारा, दुरुस्ती कोण करतं, किती वर्षांनी करावी लागते. गावात ज्याची दुरुस्ती करणारा माणूसच नाही, असं साहित्य कितीही सुंदर असलं तरी नको.

चिरा घेणार असाल तर तो ठोकून पाहा, आवाज खणखणीत हवा. आत पांढऱ्या, पिवळ्या मातीचे कप्पे असतील तर तो बाजूला काढा. जांभ्याच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक 3620 आहे; त्यानुसार दगडाने वजनाच्या 12 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. ही चाचणी ढोबळ मानाने अंगणातही होते. चांगला वाळलेला चिरा वजन करून दिवसभर पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा तोलायचा. कोरडा 25 किलोचा असेल तर भिजल्यावर 28 किलोच्या वर जाता कामा नये. खाणीतून आलेला माल काही महिने हवेवर पडू द्या. सांध्यांसाठी सिमेंट, चुना आणि वाळू 1:1:6 असं मिश्रण मागा. गवंडी कुरकुरेल, पण हट्ट सोडू नका. वर रंग नसलेलं कोटिंग विकायला कुणी आला तर एकच प्रश्न विचारा: भिंतीत शिरलेलं पाणी यातून बाहेर कसं जाणार?

हेच काचेला लागू आहे. पुण्यात किंवा नागपुरात पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावणारा मालक पुढची कित्येक वर्षं एसीचं बिल भरतो आणि शेवटी आतून जाड पडदा लावतो. म्हणजे पैसे काचेचे, दिसतो पडदा.

सौंदर्यासाठी खर्च करू नका, असं याचा अर्थ कुणी लावू नये. तो जरूर करा, पण जिथे हात आणि पाय रोज लागतात तिथे करा. दाराची चौकट, उंबरा, पायरी, ओटीवरची बैठक. चांगल्या लाकडाचा उंबरा पन्नास वर्षांत आणखी सुंदर होतो. बाहेरून चिकटवलेली दगडी टाइल पाच वर्षांत निखळू लागते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ठेकेदाराशी करार करताना शेवटचा हप्ता वास्तुशांतीला देऊ नका. पहिला पावसाळा पुरता सरल्यावर, दोघांनी मिळून भिंतींवरून हात फिरवून पाहिल्यावरच तो द्यायचा, अशी अट कागदावर लिहून घ्या. चांगला ठेकेदार ही अट मान्य करतो. जो करत नाही, त्याला काम देऊ नका.