कावीळ : एक शब्द, दोन रस्ते

'कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं' असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. साफ खोटं! मला सेकंड इयरला झाली होती. जग होतं तसंच दिसत होतं. पिवळे होते ते माझे डोळे, आणि तेसुद्धा रूममेटने सांगितलं तेव्हा कळलं. पण भोवतालच्या लोकांचं मात्र वेगळं असतं. 'कावीळ' हा शब्द कानावर पडला की त्यांना सगळे रोगी एकाच रंगाचे दिसायला लागतात. आमच्या विंगमध्ये तेच झालं. म्हणून हा लेख.

मुळात कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. यकृताला सूज आली की ते रक्तातच साठतं. नेहमी ते १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, ३ च्या घरात गेलं की डोळ्यांत दिसतं. ही सूज आणणारे मुख्य विषाणू पाच : ए, बी, सी, डी, ई. लक्षात ठेवायला सोपं आहे. पहिला आणि शेवटचा, म्हणजे ए आणि ई, तोंडावाटे येतात. मधले तीन रक्तावाटे. त्यातला डी हा परजीवी गडी, बी असल्याशिवाय त्याचं काही चालत नाही.

पहिला रस्ता : तोंडाचा

जुलै महिना होता. दोन दिवस ताप, तोंडाला चव नाही, मेसमधल्या फोडणीच्या वासानेच उलटी. लघवी कोऱ्या चहासारखी. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. रक्त तपासलं तर बिलिरुबिन ८.६, एस.जी.पी.टी. हजाराच्या वर, आणि 'ए' ची आय.जी.एम. टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणापासून घरी फिल्टरचं पाणी ना रे?" मी हो म्हणालो. ते हसले. ए लहान मुलांना झाला तर बऱ्याचदा कळतही नाही, आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. स्वच्छ पाण्यावर वाढलेल्यांची त्याच्याशी पहिली गाठ पडते ती हॉस्टेलमध्ये!

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. ए चा रोगी सर्वांत जास्त विषाणू पसरवतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. म्हणजे मी पूर्ण विंगबरोबर एका बाटलीने पाणी पीत होतो, एका ताटात वडापाव खात होतो, तेव्हा. लागण झाल्यापासून आजार दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. महिन्याभरात आणखी दोघं आडवे झाले.

आता आपला विषय, पाइप. उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. इथल्या बॅरेज धरणातून उचललेलं पाणी शुद्ध होऊन बदलापूर-अंबरनाथला जातं. पण पाणी केंद्रातून शुद्ध निघालं म्हणजे निम्मंच काम झालं. उल्हासनगरच्या कॅम्पात माझी मावशी राहते, तिच्या गल्लीत नळाचे पाइप गटाराला खेटून जातात. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या गल्ल्यांत फिरा, तेच दिसेल. पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की पाइपमधला दाब पडतो. त्यात कुणी थेट लाइनवर मोटर लावली की तो वातावरणाच्या दाबाखाली जातो, आणि सैल जॉइंटमधून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हे आपण गणित म्हणून सोडवतो. गल्लीत त्याचंच उत्तर कावीळ येतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर मैलापाणी थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू ई होता हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्या महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीत ई चीच मोठी साथ आली, माणसं दगावली. ई एरवी ए सारखाच आपोआप बरा होतो, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाला तर चार-पाचजणींतली एक दगावू शकते. घरी वहिनी, ताई गरोदर असेल तर हे वाक्य परत वाचा.

मी बरा झाल्यावर आम्ही चौघांनी हॉस्टेलची जमिनीखालची टाकी आणि सेप्टिक टँक यातलं अंतर पावलांनी मोजलं. आठ पावलं! नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट केली. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. आमचं पाणी पांढरंशुभ्र. आयुष्यात पहिल्यांदा पिवळा रंग दिसावा असं वाटलं. रेक्टरसरांना दाखवलं, टाकी उपसली, तडा बुजवला.

बाबांचा चुना

मधल्या काळात आई गावाहून आली आणि मावशीने सुचवलेल्या एका बाबांकडे मला घेऊन गेली. त्यांनी हाताला कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं! 'उतरली बघा.' आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होतं, मग हात कुणाचाही असो. बाबांची ख्याती टिकते कारण ए आणि ई बहुतेकदा आपणच उतरतात. त्यावर खास औषध नाही. विश्रांती, पुरेसं साधं जेवण, भरपूर पाणी, दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी किंवा काढा नाही. आईने माझी हळद बंद केली होती, पिवळी म्हणून! त्याची गरज नसते. मात्र सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बडबड किंवा कुठूनही रक्त येणं यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

दुसरा रस्ता : रक्ताचा

त्याच वर्षी एन.एस.एस.चं रक्तदान शिबिर झालं. दात्याचं रक्त बी आणि सी साठी तपासावंच लागतं. आमच्या विंगमधल्या एका मित्राला रक्तपेढीने बोलावून घेतलं : एच.बी.एस.ए.जी. पॉझिटिव्ह. त्याने ते फक्त मला सांगितलं. मी एका सीनियरला 'नुसतं विचारायला' म्हणून बोललो. संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला माहीत. मेसमध्ये त्याचं ताट वेगळं झालं, रूममेटने कॉट हलवली. महिन्याभरात तो हॉस्टेल सोडून अंबरनाथला भाड्याने राहायला गेला.

आता हिशेब बघा. ज्याच्या बाटलीने खरोखर रोग पसरत होता, त्या माझ्याशेजारी सगळे जेवले. ज्याच्या ताटात जेवलं तरी काही होत नाही, त्याला वाळीत टाकलं.

बी पसरतो तो जन्माच्या वेळी आईकडून बाळाला, परत वापरलेल्या सुईने, दुसऱ्याच्या वस्तऱ्याने, टॅटूच्या सुईने, दूषित रक्ताने आणि असुरक्षित शरीरसंबंधातून. गुजरातमध्ये मोडासा इथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजमुळे बी ची जीवघेणी साथ आली होती. ताट, पेला, शिंक, मिठी यांनी तो पसरत नाही. जन्मतः लागण झालेल्या दहातल्या नऊ जणांत तो कायमचा राहतो. मोठेपणी झाली तर शंभरातल्या पाचेक जणांतच. मित्राच्या पुढच्या तपासण्या झाल्या : विषाणूंची संख्या, एस.जी.पी.टी., सोनोग्राफी. यकृत ठीक आहे, आज औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासणी. लागलंच तर रोजची गोळी आहे. सी वर लस नाही, पण बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ हून जास्त वेळा तो पूर्ण बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

आणि बी ची लस? तीन डोस : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. जे घाबरून कॉट हलवत होते, त्यातल्या एकानेही ती घेतली नव्हती.

मित्रा, हा लेख तुझ्या परवानगीने लिहितोय. त्या संध्याकाळी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो : पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा, बी ची लस घ्या. आणि कुणाचा रिपोर्ट हातात आला तर आधी विचारा, रस्ता कुठला? ताट वेगळं करायचा प्रश्न बहुधा तिथेच संपतो.