शीतवाहनाची शक्ती आणि चालू द्राक्षहंगाम

द्राक्षाची काढणी ऐन भरात आली असता कृषी अधिकाऱ्याने घडांची गोडी, फवारणी आणि काढणी यांमधील अंतर, पेटी भरण्याची रीत यांविषयी लिहावे असा आजवरचा प्रघात आहे. परंतु निफाड, दिंडोरी, तासगाव या भागांतील बागायतदारांना या गोष्टी पाठ असल्यामुळे त्या पुन्हा सांगून मी येथे जागा अडवीत नाही. या हंगामात ठिकठिकाणांहून कानी येणारी तक्रार एकच आहे. माल बागेतून निर्दोष निघतो, पॅकहाऊसमधून निर्दोष निघतो, आणि मुक्कामी गाडीचे दार उघडले की दारालगतच्या पेट्यांत मणी ओलसर, देठ तपकिरी आणि घडाच्या पोटात करड्या बुरशीचे जाळे आढळते. मग बागायतदार औषधाच्या दुकानदाराला बोल लावतो आणि व्यापारी बागायतदाराला. खोलात जाऊन चौकशी केली म्हणजे मात्र बहुतेक वेळा असे निष्पन्न होते की, गाडीतील शीतयंत्र वाटेत काही तास बंद होते, आणि ते बंद राहण्याचे कारण यंत्रातील बिघाड हे नसून त्याला लागणाऱ्या शक्तीची तरतूद कोणी नीट केलेली नव्हती, हे होते.

उन्हाळा आता मार्चची वाट पाहत नाही. २०२३ चा फेब्रुवारी महिना देशभराच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला, हे ध्यानात ठेवले म्हणजे थंडीचे दिवस आहेत, रात्रीचा प्रवास आहे, यंत्र नसले तरी चालेल, ही जुनी समजूत किती घातक झाली आहे ते कळून येईल.

द्राक्ष सुमारे शून्य ते एक अंशाच्या गारव्यात, नव्वद ते पंचाण्णव टक्के आर्द्रतेच्या हवेत राखावयाचे असते. पेटीत आपण जो ग्रेप गार्डचा कागद ठेवतो, त्यातील सोडियम मेटाबायसल्फाइट हे ओलाव्याच्या संयोगाने हळूहळू गंधकाचा वायू सोडते आणि त्या वायूमुळे बुरशी दबून राहते. यंत्र बंद पडून गाडीतील हवा तापली, आणि ती दमट उष्ण हवा थंडगार मण्यांना लागली, की मण्यांवर दव धरते. त्या दवाने कागद भिजून, जो वायू आठवडे पुरावयाचा तो काही तासांत उधळला जातो. परिणामी मण्यांच्या देठाशी पांढरे, विरंजित डाग पडतात, आणि पुढच्या प्रवासात कागदात रक्षणाची शक्तीच न उरल्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळते. दोन परस्परविरुद्ध वाटणारे दोष एकाच पेटीत दिसतात ते यामुळे; आणि यावर उपाय म्हणून पेटीत दुसरा कागद घालणारे बागायतदार रोगाला खतपाणी घालीत आहेत, असे मी स्पष्ट सांगतो.

येथे एक हिशेब प्रत्येकाने मनात पक्का केला पाहिजे, कारण निम्मे नुकसान त्याच्या अज्ञानातून उद्भवते. दहा टन द्राक्षे दुपारी खुडून बत्तीस अंशांवर गाडीत भरली आणि ती दोन अंशांवर आणावयाची म्हटले, तर त्यांतून सुमारे तीनशे युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. मध्यम गाडीच्या यंत्राची उष्णता ओढण्याची शक्ती आठ किलोवॅट धरली, आणि भिंतींतून आत झिरपणारी उष्णता हिशेबातून अजिबात वगळली, तरी या कामाला सदतीस तासांहून अधिक वेळ लागेल. नाशिकहून मुंबईपर्यंतच्या सहा तासांच्या वाटेत तेच यंत्र मालाचे तापमान जेमतेम पाच अंशांनी उतरवील. शीतवाहन गरम मालाला थंड करीत नाही; थंड करून दिलेल्या मालाचा गारवा राखणे एवढेच त्याचे काम, आणि तेही त्याला शक्तीचा अखंड पुरवठा असेल तरच. म्हणून प्रीकूलिंग न केलेला माल ‘एसी गाडीत होईल थंड’ म्हणून भरणाऱ्याला मी कोणत्याही औषधाचा सल्ला देऊ शकत नाही.

आता शक्तीचा प्रश्न. भाड्याची गाडी ठरविताना आपले लोक गाडी किती टनांची आणि भाडे किती, एवढीच विचारपूस करतात. यंत्र कशावर चालते, हे विचारणारा विरळा. वास्तविक पहिला प्रश्न तोच असावयास हवा. मोठ्या गाड्यांत शीतयंत्राला त्याचे स्वतःचे डिझेल इंजिन आणि निराळी टाकी असते, म्हणून गाडी ढाब्यावर उभी असली तरी गारवा चालू राहू शकतो. लहान पिकअप गाड्यांत बहुधा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनावर पट्ट्याने फिरतो. इंजिन बंद म्हणजे गारवा बंद, आणि वाहनांच्या रांगेत इंजिन मंद फिरत असले तरी गारवा तितकाच मंदावतो. तिसरा प्रकार गोठणाऱ्या द्रावणाच्या पट्ट्यांचा. रात्रभर विजेवर गोठवून दिवसा त्यांच्या जिवावर दूध किंवा आइस्क्रीम वाटीत फिरणाऱ्या आणि संध्याकाळी ठाण्यावर परतणाऱ्या गाड्यांना तो सोयीचा, दूरच्या बाजाराला निघालेल्या द्राक्षांना नाही.

चौथा प्रकार समुद्रमार्गे जाणाऱ्या शीतकंटेनरचा, आणि निर्यातदार बागायतदारांनी तो विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावा. या कंटेनरला स्वतःचे इंजिन नसते. त्याचे यंत्र तीन फेजच्या चारशे व्होल्टच्या आसपासच्या विजेवर चालते. जहाजावर आणि बंदराच्या आवारात त्या विजेची जोडणी मिळते, परंतु पॅकहाऊसपासून न्हावाशेव्यापर्यंतच्या रस्त्यावर ती मिळण्यासाठी ट्रेलरवर जनसेट बसवावा लागतो. जनसेट नसेल, तर लाखो रुपये किमतीचा तो कंटेनर म्हणजे जाड भिंतींची एक बंद पेटी होय.

दिंडोरीकडील एका बागायतदाराची हकिगत येथे सांगितली पाहिजे. माल उत्कृष्ट, प्रीकूलिंग यथास्थित, कागदपत्रे बिनचूक; मात्र ट्रेलर आला तो जनसेटविना, आणि ‘पाच तासांची तर वाट, बंदरात गेल्यावर लावू वीज’ या वाहतूकदाराच्या आश्वासनावर कंटेनर भरदुपारी रवाना झाला. कसाऱ्याच्या घाटात वाहतूक खोळंबली, बंदराच्या दाराशी रांग लागली, आणि वीज जोडली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या वेळी यंत्राच्या पडद्यावर काही वेळातच शून्य अंश दिसू लागला आणि सर्वांनी निःश्वास टाकला. पण पडदा दाखवितो ते हवेचे तापमान. मण्याच्या गरात काय चालले आहे त्याची वार्ता त्याला नसते. युरोपात दार उघडले तेव्हा छताजवळच्या आणि दाराजवळच्या पेट्या गेलेल्या होत्या, आणि कंटेनरच्या स्वतःच्या नोंदयंत्रात वीज नसलेले सगळे तास लेखी उमटलेले असल्यामुळे भरपाईच्या मागणीला काही आधारच उरला नाही.

काही जण यावर असा युक्तिवाद करतात की, चांगल्या भिंतीची गाडी पाचसहा तास बंद राहिली तर सगळ्या मालाची सरासरी एकदोन अंशच चढते. सरासरीपुरते हे खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. उष्णता सगळ्या पेट्यांवर समान वाटली जात नाही. ती छताखालच्या, भिंतीलगतच्या आणि दाराजवळच्या पेट्यांवर प्रथम उतरते, त्या आठदहा अंशांनी तापतात आणि मधल्या पेट्या थंडच राहतात. खरेदीदार मात्र दार उघडल्यावर सर्वांत आधी त्याच दाराजवळच्या पेट्या पाहतो आणि त्यांच्यावरून सगळ्या गाडीचा भाव ठरवितो.

यंत्र बंद होते त्याहून ते बंद केले जाते हे प्रमाण अधिक आहे, आणि याचे मूळ भाड्याच्या करारात आहे. भाडे एकरकमी ठरते, डिझेलची रक्कम आगाऊ मोजून दिली जाते, आणि जे वाचेल ते वाचविणाऱ्याचे, असा अलिखित रिवाज असतो. अशा व्यवस्थेत चालकाने रात्री यंत्र बंद करावे आणि मुक्काम जवळ आला की तासभर आधी सुरू करावे, याचे नवल वाटावयास नको. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, करार बदलण्यात आहे. यंत्र तासाला साधारण दोन ते चार लिटर डिझेल पिते. तीन लिटर धरले तर दहा तासांच्या वाटेला तीस लिटर लागतील, म्हणजे आजच्या दराने तीन हजार रुपयांच्या आतला खर्च. आणि गाडीत दहा टन माल किलोला पन्नास रुपये या भावाचा असेल तर तो पाच लाखांचा. पाच लाखांच्या मालाचे रक्षण तीन हजारांच्या बचतीच्या मोहावर सोपविणे हा व्यवहार नव्हे.

यास्तव माझी आग्रहाची सूचना अशी की, यंत्राच्या डिझेलची रक्कम भाड्यातून पूर्णपणे वेगळी काढावी आणि ती यंत्राच्या तासमापकावरून चुकती करावी. स्वतःचे इंजिन असलेल्या यंत्रावर हा मापक असतो. निघताना त्यावरचा आकडा पावतीवर लिहून चालकाची सही घ्यावी, मुक्कामी पुन्हा लिहावा, आणि दोहोंची प्रवासाच्या तासांशी रुजवात घालावी. ताज्या फळासाठी यंत्र अखंड फिरण्याच्या बटणावर ठेवावयाचे असते, थांबून-थांबून चालण्याच्या नव्हे. तेव्हा चौदा तासांच्या प्रवासात मापक सहा तास दाखवीत असेल तर उरलेल्या आठ तासांचा जाब विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शिवाय एक डाटा लॉगर दाराजवळच्या वरच्या पेटीत ठेवावा. तो मधल्या पेटीत ठेवून गोड आकडे मिळविण्याची काहींची सवय आत्मवंचनेची आहे.

घरगुती उपायांबद्दल आता कठोर बोलणे प्राप्त आहे. बर्फाच्या लाद्या गाडीत ठेवण्याचे खूळ दर उन्हाळ्यात नव्याने डोके वर काढते. वर सांगितलेल्या दहा टन गरम मालाला थंड करण्यास तीन टनांहून अधिक बर्फ वितळावा लागेल. तुम्ही ठेवता त्या चार लाद्यांनी थंडी येत नाही, पाणी मात्र येते, आणि ते पाणी ग्रेप गार्डचा कागद भिजवून पूर्वोक्त सारा अनर्थ घडविते. ओली गोणपाटे अंथरणाऱ्यांनाही हेच लागू. टपावर सौर पट्ट्या बसवून डिझेलचा खर्च संपविण्याच्या जाहिराती आता पाहावयास मिळतात. मध्यम गाडीच्या टपावर सुमारे तेरा चौरस मीटर जागा असते, तीवरून उत्तम उन्हात दिवसाकाठी दहाबारा युनिट वीज मिळेल, आणि मोठ्या शीतयंत्राला दिवसरात्र चालावयास त्याच्या कित्येक पट वीज लागते. यंत्राची बॅटरी भारलेली राखण्यास त्या पट्ट्या उपयुक्त आहेत. यापलीकडे त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

सर्वांत निषिद्ध प्रकार म्हणजे घरचा पेट्रोल-जनरेटर गाडीच्या माल भरण्याच्या कप्प्यातच ठेवून त्यावर यंत्र किंवा पंखे चालविणे. तासगाव भागात असा एक जनरेटर चालू असताना पेट्या लावावयास आत शिरलेला मजूर भोवळ येऊन पडला. शेजारच्याने त्याला वेळीच बाहेर ओढले म्हणून तो वाचला. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो मिनिटांत प्राण घेतो. हा प्रयोग जो करील त्याला माझ्या दृष्टीने क्षमा नाही.

पॅकहाऊसवर गाडी तासन्‌तास उभी राहते, तेथे विजेवर यंत्र चालविण्याची सोय असलेली गाडी मिळाली तर डिझेल खरोखर वाचते, आणि ही बचत करण्यास माझी मुळीच हरकत नाही. परंतु त्यासाठी तीन फेजची योग्य जाडीच्या तारेची आणि चांगल्या अर्थिंगची जोडणी हवी. शेतीपंपाच्या पाळीच्या विजेवर हे काम सोपवू नये. फेजांचा क्रम उलटा लागला तर काही यंत्रांत पंखे उलटे फिरतात, आवाज येत राहतो आणि गारवा येत नाही. एका पॅकहाऊसवर अशी गाडी रात्रभर गुणगुणत उभी होती आणि पहाटे आतला माल कोमट निघाला. व्होल्टेज पडले तर मोटार जळते. प्लग जोडताना वा काढताना मुख्य स्विच आधी बंद करावा, आणि हे काम जाणत्या वायरमननेच करावे.

बाकीचे थोडक्यात. माल भरण्यापूर्वी रिकाम्या गाडीचे यंत्र तासभर चालवून आतली हवा थंड झाल्याची खात्री करावी. यंत्राची टाकी भरलेली, बॅटरी सशक्त आणि दाराचे रबर अभंग आहे हे स्वतः पाहावे. पेट्या छताला भिडवू नयेत, कारण थंड हवेला परतण्याची वाट हवी. भरताना मण्याच्या गरात थर्मामीटर खुपसून तापमान घ्यावे आणि ते दोन अंशांच्या वर असेल तर गाडीला हात लावू देऊ नये. भरतेवेळी यंत्र बंद ठेवावे, म्हणजे बाहेरची दमट हवा आत ओढली जाणार नाही. दार लागताच ते सुरू करून पुढे मुक्कामापर्यंत बंद करू नये.

बागायतदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी या आठवड्यातच आपल्या वाहतूकदाराला बोलावून यंत्र कशावर चालते, त्याचे डिझेल कोण देतो आणि चालू तासांचा दाखला कोण ठेवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. जो वाहतूकदार ती देण्यास का-कू करील, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी तिच्यात द्राक्षाची एकही पेटी चढवू नये.