मिश्र कुटुंब व सरकारी घरभाडें

गांवचा मनुष्य पोटामागें दूर देशीं जातो तेव्हां त्यास काम बहुधा लवकर मिळतें. परवडेल असें बिऱ्हाड मात्र मिळत नाहीं. आजचा पाठ अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या अशा कुटुंबांविषयीं आहे.

तेथें गरीब कुटुंबांस घरभाड्यांत सरकारी मदत मिळते. सामान्यतः कुटुंबानें आपल्या उत्पन्नाचा सुमारें ३० टक्के भाग द्यावयाचा, व उरलेलें भाडें सरकारानें भरावयाचें. १९८० सालच्या कायद्याच्या २१४ व्या कलमानें ही मदत नागरिक व ठराविक प्रकारचे परदेशी लोक यांच्यापुरतीच राखून ठेविली. या यादीबाहेरचा प्रत्येक जण चोरून आलेला असतो असें वाचकांनीं समजूं नये. आपल्याकडून मुदतीच्या परवान्यावर नोकरीस किंवा शिक्षणास गेलेला तरुणही तींत बसत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, एका चुलीवर जेवणारीं माणसें कायद्याच्या दृष्टीनें सारखीं नसतात. बाप नागरिक, मुलें तेथें जन्मलीं म्हणून नागरिक, आणि आईपाशीं कागद नाहींत. अशा घरास मिश्र कुटुंब म्हणतात. त्याच्यासाठीं दर माणशीं हिशेब करण्याची रीत पडली. ती नीट ध्यानांत घ्यावी, कारण सगळा वाद तिच्यावरच आहे. समजा, भाडें १,२०० डॉलर आहे व उत्पन्नाप्रमाणें कुटुंबाचा वांटा ४०० डॉलर. मदत ८०० व्हावयाची; परंतु चौघांपैकीं तिघेच पात्र, म्हणून ६०० मिळते. आईच्या वांट्याचे २०० कुटुंबच भरतें. तिच्यासाठीं सरकार एक छदामही देत नाहीं. उलट तिची कमाई मात्र उत्पन्नांत पुरी धरतें!

असें असतां १० मे २०१९ रोजीं तेथील गृहनिर्माण खात्यानें नवा नियम सुचविला. घरांत एकही अपात्र माणूस राहत असेल, तर कांहीं मुदतीनंतर सगळ्या घराची मदत बंद. म्हणजे आईनें घर सोडावें, नाहीं तर सर्वांनीं सोडावें. खात्याच्याच अंदाजानें अशीं २५,००० कुटुंबें होतीं, व त्यांत मदतीस पात्र असलेलीं ५५,००० मुलें. मदतीसाठीं तिष्ठत असलेल्या नागरिकांस जागा मिळावी, हें कारण दिलें होतें. तेथील रांग खरोखरच लांब आहे, आणि रांगेंतल्यांचें दुःख कोणी हलकें लेखूं नये. पण खात्याच्या स्वतःच्या हिशेबांत काय निघालें? मिश्र कुटुंबांच्या जागीं पूर्ण पात्र कुटुंबें घेतल्यास दरसाल १९.३ ते २२.७ कोटी डॉलर खर्च वाढेल. आणि तितका पैसा न मिळाल्यास मदतीचीं घरें कमी करावीं लागतील.

३०,००० हून अधिक लेखी मतें खात्याकडे आलीं. २०२१ सालीं तो प्रस्ताव मागें घेतला गेला. मात्र असा नियम खात्याच्या हातचा असतो. एका सरकारानें मागें घेतलेला दुसऱ्यास पुन्हा काढतां येतो.

हा पाठ शिकविणाऱ्यानें वरील हिशेब फळ्यावर मांडावा, आणि आई निघून गेल्यावर तो कसा होतो हें मुलांकडूनच काढून घ्यावें. समजा, घरच्या उत्पन्नांत निम्मी कमाई तिची होती. ती गेल्यावर कुटुंबाचा वांटा २०० वर येतो. राहिलेले तिघेही पात्र. तेव्हां त्याच घरासाठीं सरकारास १,००० डॉलर भरावे लागतात. ती असतांना ६०० पुरत होते.